सील कोटची गिट्टी सुटते, उन्हात डांबर वर येतं: दोष कुठे आहे आणि कुठल्या क्रमाने शोधायचा

नागपूरच्या लेआउटमधल्या आतल्या रस्त्यांवर दरवर्षी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तेच चित्र दिसतं. एप्रिल-मेमध्ये सील कोट किंवा सरफेस ड्रेसिंग, म्हणजे डांबर आणि बारीक गिट्टीचा वरचा पातळ थर, झालेलं असतं, प्रयोगशाळेचे सगळे अहवाल फायलीत 'पास' म्हणून लागलेले असतात, आणि दोन-तीन जोरदार पावसांत गिट्टी सुटून रस्त्याच्या कडेला गोळा होते. कधी त्याआधीच, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), चाकांच्या पट्ट्यात डांबर चकाकायला लागतं आणि चपलेला चिकटतं. मग वाद थेट डांबराच्या दर्जावर जातो. नमुना पुन्हा प्रयोगशाळेत जातो आणि पुन्हा पास होऊन येतो.

डांबर बहुतेक वेळा ठीकच असतं. दोष असतो गिट्टीवरच्या धुळीत, फवारलेल्या प्रमाणात, ओलाव्यात किंवा चुकलेल्या वेळेत. या चारही गोष्टी रस्त्यावरच तपासता येतात, आणि जवळपास फुकटात. म्हणून खालचा क्रम पाळा. महागडी चाचणी आधी केली तर पैसे जातात आणि खरा पुरावा पावसात वाहून जातो.

हे सरफेस ड्रेसिंगला आणि प्रीमिक्स कार्पेटवरच्या (गिट्टी आधीच डांबरात घोळून अंथरलेल्या थरावरच्या) सील कोटला लागू आहे. मायक्रोसरफेसिंगबद्दल, म्हणजे बारीक दगड आणि डांबराच्या पातळ लेपाबद्दल, शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी लक्षणं नीट ओळखा

रस्त्यावर उभं राहून खालीलपैकी काय दिसतं ते लिहून काढा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहा. भर दुपारी पृष्ठभागाचा खडबडीतपणा कळत नाही.

- गिट्टी सगळीकडून सारखी सुटली आहे, हाताने घासलं तरी निघते.
- गिट्टी लांब, सरळ, रस्त्याला समांतर पट्ट्यांत सुटली आहे. मध्ये भरलेली पट्टी, शेजारी उघडी पट्टी.
- फक्त वळणावर, गतिरोधकाच्या आधी किंवा फाटकासमोर गाड्या जिथे वळतात तिथे सुटली आहे.
- फक्त झाडाच्या सावलीत, नळाच्या गळतीजवळ किंवा कूलरच्या पाण्याच्या ओघळात सुटली आहे.
- कार्पेटचा अख्खा पापुद्राच निघतो, आणि खालचा जुना पृष्ठभाग स्वच्छ, कोरा दिसतो.
- चाकांच्या पट्ट्यात काळी चकाकी आहे, गिट्टी दिसत नाही, दुपारी टायरचे ठसे उमटतात.

शेवटच्या लक्षणात एक फसगत आहे. गिट्टी निघून गेली तरी मागे उरलेलं डांबर काळं चकाकतं, आणि पाहणारा 'डांबर जास्त झालं' असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात ते कमी पडलेलं असू शकतं. बोटाने चाचपून पाहा. काळ्या थराखाली गिट्टीची टोकं लागली तर डांबर खरोखर वर आलं आहे. गिट्टीच्या आकाराचे रिकामे खळगे लागले आणि कडेला सुटी गिट्टी पडलेली असेल, तर हा गिट्टी सुटण्याचा दोष आहे. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे इथे गल्लत झाली तर पुढचं सगळं काम चुकतं.

अहवाल पास आणि रस्ता नापास, असं का होतं

आयएस ६२४१ या भारतीय मानकातली स्ट्रिपिंग (पाण्याने डांबर सुटण्याची) चाचणी प्रत्यक्षात काय करते ते पाहा. २० मिमी चाळणीतून गेलेली आणि १२.५ मिमीवर राहिलेली २०० ग्रॅम स्वच्छ, कोरडी गिट्टी घेतात. गिट्टी १५० अंशांपर्यंत आणि डांबर १६० अंशांपर्यंत तापवतात, वजनाच्या ५ टक्के डांबर घालून दाणा न् दाणा काळा होईपर्यंत घोळतात, थंड करतात आणि ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात. पृष्ठभागाच्या ९५ टक्के भागावर डांबर टिकलं की नमुना पास.

रस्त्यावर यातलं काहीच घडत नाही. गिट्टी १० किंवा १३ मिमीची असते, थंड असते, क्रशरवरून चुरीच्या ढिगाशेजारून भरून आलेली असते, आणि डांबर फक्त तिच्या तळाला लागतं. चाचणी सांगते की हा दगड आणि हे डांबर एकमेकांना चिकटू *शकतात*. ते रस्त्यावर चिकटले का, हा प्रश्न चाचणीला कोणी विचारलेलाच नसतो. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्वेकडच्या कडेला वसलं आहे. पश्चिमेकडचा काळा पाषाण डांबराशी चांगला जुळतो, तर पूर्वेकडे नाइससारखे सिलिका जास्त असलेले दगड लागतात आणि त्यांच्यावरून पाणी डांबर लवकर सोडवतं. एकाच कामात दोन क्रशरवरून माल आला असेल तर एका अहवालावर दोन्हींचा भरवसा धरू नका.

१. एक गिट्टी उपटून तिचा तळ पाहा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि सगळ्यात जास्त माहिती यातून मिळते. सुटत असलेल्या भागातून दहा-बारा गिट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने उचला आणि उलट्या करून पांढऱ्या कागदावर ठेवा.

तळ कोरा, राखाडी, बोट लावलं की भुकटी निघते: धूळ. डांबर दगडाला नाही, धुळीला चिकटलं. तपासणी ३ कडे जा.

तळ काळा, पण डांबराचा थर पातळ, गिट्टीच्या उंचीच्या पाव भागापर्यंतच: प्रमाण कमी. तपासणी ४ पाहा. चांगल्या बसलेल्या गिट्टीचा निम्म्याहून अधिक भाग डांबरात बुडलेला असतो.

तळ कोरा पण स्वच्छ, धूळ नाही, खळग्यातलं डांबर गुळगुळीत आरशासारखं: इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) फुटून गेल्यावर, म्हणजे पाणी वेगळं होऊन तपकिरीचं काळं झाल्यावर, गिट्टी टाकली गेली, किंवा गरम डांबर थंड झाल्यावर. हा वेळेचा दोष आहे. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी आरएस-२ हे लवकर फुटणारं इमल्शन काही मिनिटांत फुटतं. स्प्रेअर पुढे दीडशे मीटर गेला आणि गिट्टीचा ट्रॅक्टर मागे राहिला, तर मधला सगळा पट्टा वाया गेला समजा. फवारणीची लांबी गिट्टी किती वेगाने टाकता येते त्यावर ठरवायची असते.

गिट्टीबरोबर खालच्या जुन्या रस्त्याची मातीही आली: रस्ता झाडलाच गेला नव्हता. फडा मारून शेणमातीचा चिकटलेला थर निघत नाही. तारेचा ब्रश आणि मग कॉम्प्रेसरची हवा लागते.

२. तारीख, ऊन, पाऊस आणि गाड्या

कामाची तारीख काढा आणि पहिला मोठा पाऊस कधी झाला ते लिहा. मोसमी पाऊस नागपुरात साधारण जूनच्या मध्याला येतो. गिट्टी रोलरखाली अर्धी बसते आणि उरलेली वाहतुकीखाली, गरम दिवसांत, हळूहळू आडवी पडत बसते. त्यासाठी किमान तीन-चार आठवडे हवेत. निधी संपवायच्या घाईत जूनच्या पहिल्या आठवड्यात केलेला सील कोट सुटला, तर दोष शोधायला फार लांब जायची गरज नाही.

प्रीमिक्स कार्पेटच्या बाबतीत याहून घातक प्रकार होतो: आज कार्पेट, सील कोट 'पुढच्या आठवड्यात'. २० मिमीचं खुल्या ग्रेडिंगचं कार्पेट मुळातच सच्छिद्र असतं. सील कोट लगेच झाला नाही आणि मध्ये वळवाची सर आली, तर पाणी कार्पेटमध्ये मुरतं, वरून सील कोट झाल्यावर आतच अडकतं, आणि पावसाळ्यात चाकांच्या दाबाने डांबर दगडावरून सोलून काढतं.

डिसेंबर-जानेवारीतही सावध राहा. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं, सकाळी रस्त्यावर दव असतं, आणि दवावर फवारलेलं गरम डांबर वरवर चिकटल्यासारखं दिसतं. काम अकराच्या पुढे सुरू करा.

गाड्या कधी सोडल्या हेही विचारा. पहिले २४ तास ताशी २० किमीच्या वर वेग गेला की टायर गिट्टी ओढून काढतात. फक्त वळणावर आणि फाटकांसमोर सुटलेली गिट्टी याचीच खूण आहे. तिथे उरलेला रस्ता ठीक असेल तर पूर्ण रस्ता पुन्हा करण्याचं कारण नाही, तेवढे तुकडे करा.

कूलरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मार्चअखेरपासून जूनपर्यंत दर घरासमोर एक बारीक ओघळ रस्त्यावर येतो आणि तो सुकतच नाही. त्या ओघळावर मारलेला सील कोट हमखास सुटतो. कामाच्या दोन दिवस आधी घरोघर सांगून ते पाणी वळवा. याला पैसे लागत नाहीत, पण वेळापत्रकात ही ओळ कोणीच लिहीत नाही.

ऑटो स्टँड आणि गॅरेजसमोरचे सुटलेले डाग हुंगून पाहा. डिझेल-ऑइलचा वास येत असेल तर डांबर विरघळलं आहे. तिथे कितीही वेळा सील कोट केला तरी टिकणार नाही. तो भाग खरवडून काढा आणि तिथे पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट करा.

३. धूळ: बादली आणि वजनकाटा

साइटवर उरलेल्या ढिगाच्या तीन-चार जागांवरून, तळाशी आणि कडेलाही, गिट्टी घ्या. फक्त वरची घेऊ नका, कारण धूळ खाली बसते. वाळवून बरोबर २ किलो वजन करा. बादलीत पाणी घालून ढवळा, गढूळ पाणी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. चाळणीवर राहिलेलं परत गिट्टीत टाका, सगळं वाळवा आणि वजन करा. २० ग्रॅम घटलं तर धूळ १ टक्का. तिथपर्यंत काम चालतं. ३० ग्रॅम, म्हणजे दीड टक्क्याच्या वर गेलं, तर ती गिट्टी सरफेस ड्रेसिंगची नाही.

चाळणी नसेल तर अंदाजासाठी काचेची बरणी पुरेशी आहे: निम्मी गिट्टी, वर पाणी, जोरात हलवा, तासभर ठेवा. तळाला गाळाचा ठळक थर बसला तर प्रयोगशाळेत पाठवा.

उपाय तीन. क्रशरवरच धुऊन घेणं सगळ्यात चांगलं. पाचगाव भागातून माल आणताना दर ठरवतानाच धुतलेली गिट्टी असं लिहून घ्या. दुसरा, गिट्टी १६० अंशांपर्यंत तापवून वजनाच्या पाऊण ते एक टक्का डांबराचा हात आधीच देऊन ठेवायचा, मग ढीग थंड होऊ द्यायचा. गरम डांबराच्या कामात याने फार फरक पडतो. तिसरा, गिट्टी साइटवर पाणी मारून धुणं, हा फक्त इमल्शनच्या कामाला चालतो. किंचित ओलसर गिट्टी कॅटायनिक इमल्शनला अडत नाही, गरम डांबराला मात्र ती चालतच नाही.

याच वेळी चपट्या गिट्ट्या वेगळ्या काढून पाहा. मूठभर माल फरशीवर पसरा. पातळ चिपा खूप दिसल्या तर डांबराचं प्रमाण नेमकं असूनही रस्ता बिघडेल. चपटी गिट्टी चाकाखाली आडवी पडते आणि डांबरात पूर्ण बुडते, शेजारची चौकोनी गिट्टी मात्र वर राहून उपटली जाते. एकाच मीटरमध्ये डांबर वर आलेलं आणि गिट्टी सुटलेली अशी दोन्ही लक्षणं दिसली तर आधी याचाच संशय घ्या.

४. प्रमाण: ड्रम मोजा, ट्रे ठेवा

इथे थोडा जास्त वेळ द्या. नागपुरातल्या छोट्या कामांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच आहे, आणि तो बेइमानीपेक्षा हिशोबाच्या गोंधळातून होतो.

१३ मिमी गिट्टीच्या एका थराला साधारण १.० किलो डांबर दर चौरस मीटरला लागतं, आणि गिट्टी ०.०१० घनमीटर. हे डांबर आहे, इमल्शन नाही. आरएस-२ मध्ये डांबर किमान ६७ टक्के असतं, बाकी पाणी. म्हणजे १.० किलो डांबर मिळायला १.०० ÷ ०.६७ = सुमारे १.४९ किलो इमल्शन फवारायला हवं. अंदाजपत्रकातला '१ किलो' हा आकडा वाचून तेवढंच इमल्शन मारलं तर रस्त्यावर फक्त ६७० ग्रॅम डांबर राहतं. आरएस-१ वापरलं असेल तर त्यात ६० टक्केच असतं आणि ते पातळही असतं, उतारावरून ओघळतं. ते टॅक कोटसाठी, म्हणजे दोन थर जोडणाऱ्या पातळ फवाऱ्यासाठी आहे.

काम होऊन गेल्यावरही पडताळा घेता येतो. ३.७५ मीटर रुंद, १०० मीटर लांब रस्ता म्हणजे ३७५ चौरस मीटर. इमल्शन लागायला हवं सुमारे ५६० किलो, म्हणजे २०० लिटरचे पावणेतीन-तीन ड्रम. दोनच ड्रम रिकामे झाले असतील, तर डांबर पडलं ०.७१ किलो, आणि तुमचं उत्तर सापडलं. गिट्टी लागते ३.७५ घनमीटर, म्हणजे सव्वा ते दीड ब्रास. दोन ब्रास टाकली असेल तर 'भरपूर टाकली' म्हणून समाधान मानू नका. गिट्टीचा एकच थर डांबराला भिडतो. वरची जास्तीची गिट्टी चाकाखाली घरंगळते आणि चिकटलेलीलाही धक्का मारून सोडवते.

सील कोटचे आकडे वेगळे आहेत: 'अ' प्रकारात (डांबर फवारून वर गिट्टी) १० चौरस मीटरला ९.८ किलो डांबर, 'ब' प्रकारात (डांबरात घोळलेली वाळू) ६.८ किलो. देयकात कुठला प्रकार लिहिला आहे आणि साइटवर कुठला झाला, हे आधी जुळवा.

पुढच्या कामाला ट्रे ठेवा. ३० × ३० सेंमीचा पत्र्याचा ट्रे म्हणजे ०.०९ चौरस मीटर. वजन करून रस्त्यावर ठेवा, स्प्रेअर वरून जाऊ द्या, लगेच पुन्हा वजन करा: आरएस-२ साठी सुमारे १३४ ग्रॅम, गरम डांबरासाठी ९० ग्रॅम यायला हवं. रुंदीभर पाच ट्रे ठेवले तर आडवा फरकही कळतो. लांब सरळ पट्ट्यांत गिट्टी सुटण्याचं कारण इथेच दिसतं: तुंबलेला नोझल, एकाच कोनात न लावलेले नोझल किंवा चुकीच्या उंचीवरचा स्प्रे बार. फवाऱ्याच्या पंख्यांचे एकावर एक दोन किंवा तीन पूर्ण थर यायला हवेत. बार दोन-तीन इंच खाली आला तरी पट्टे पडतात. हाताने झारीने ओतलेल्या कामात नागमोडी पट्टे दिसतात. तिथे दुरुस्ती एकच, यंत्राने फवारणं.

५. इमल्शनमध्ये खरंच किती डांबर आहे

ड्रमची संख्या बरोबर आली तरी शंका राहिली तर हे करा. ड्रम महिनोन्‌महिने उभे राहिले की डांबर तळाला बसतं. वरचा निम्मा ड्रम पातळ आणि खालचा घट्ट निघतो. वापरण्याआधी ड्रम आडवा पाडून पुढे-मागे लोळवायलाच हवा.

नीट ढवळलेलं १०० ग्रॅम इमल्शन उंच काठाच्या, किमान लिटरभराच्या भांड्यात घ्या. मंद आचेच्या विजेच्या शेगडीवर, उघड्या हवेत, काचेच्या कांडीने ढवळत पाणी उडवा. फेस वर येतो, म्हणून भांडं मोठं. बुडबुडे थांबले, पृष्ठभाग शांत आणि चकचकीत झाला की उतरवून वजन करा. ६५ ग्रॅमच्या खाली आलं तर अधिकृत चाचणीला पाठवण्याइतका पुरावा हातात आहे. दुसरं लक्षण: ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून ओतल्यावर डांबराच्या गाठी राहतात का ते पाहा. गाठी म्हणजे इमल्शन ड्रममध्येच फुटायला लागलं आहे.

पातळ करायला बोअरवेलचं जड पाणी वापरलं असेल तर तेही कारण असू शकतं. एका बाटलीत तेच पाणी आणि तेच इमल्शन मिसळून अर्धा तास ठेवा. गुठळ्या झाल्या तर नळाचं पाणी घ्या. पाणी इमल्शनमध्ये हळूहळू घालायचं, उलट नाही. आरएस इमल्शन पातळ करायचंच नसतं.

६. डांबर खरंच वर आलं असेल तर

नागपूरच्या उन्हाचा हिशोब आधी डोळ्यांसमोर ठेवा. हवा ४५ अंशांवर असताना सुपरपेव्ह या अमेरिकी डांबर-आराखडा पद्धतीच्या समीकरणाने रस्त्यात २० मिमी खोलीवर सुमारे ६७ अंश तापमान येतं. व्हीजी-३० या डांबराच्या प्रतीचा मृदुता बिंदू (डांबर मऊ पडण्याचं तापमान) किमान ४७ अंश, व्हीजी-१० चा किमान ४०. म्हणजे मेच्या दुपारी कुठलंही साधं डांबर मऊच असतं. रस्ता तरतो तो गिट्टीच्या सांगाड्यावर आणि तिच्यामधल्या मोकळ्या जागेवर. ती जागा डांबराने पूर्ण भरली की ते वरच येणार. गिट्टी टाकल्या क्षणी सुमारे निम्मी जागा पोकळ असते, रोलरनंतर ३० टक्के, वाहतुकीखाली बसल्यावर २० टक्क्यांपर्यंत उतरते. प्रमाण ठरवायचं ते या शेवटच्या २० टक्क्यांच्या हिशोबाने.

मोजायला सँड पॅच करा. ३०० मायक्रॉनमधून गेलेली आणि १५० वर राहिलेली कोरडी वाळू ५० मिलीलिटर घ्या, सपाट चकतीने गोल पसरवा, चार दिशांनी व्यास मोजून सरासरी काढा. व्यास २० सेंमी आला तर पोताची खोली १.५९ मिमी, २५ ला १.०२, ३० ला ०.७१, ३५ ला ०.५२. चाकांच्या पट्ट्यात आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात वेगवेगळं मोजा. दोन्हीकडे कमी असेल तर फवारणी जास्त झाली. फक्त चाकांच्या पट्ट्यात कमी असेल तर गिट्टी खाली रुतते आहे, म्हणजे खालचा थर मऊ आहे. सील कोटच्या आठवडाभर आधी भरलेले ताजे पॅच हे त्याचं नेहमीचं कारण. पॅच महिनाभर वाहतुकीखाली मुरू द्या.

उपाय: ६ मिमीची स्वच्छ, गरम केलेली गिट्टी किंवा भरड वाळू, साधारण ०.००४ घनमीटर दर चौरस मीटरला, दुपारी दोन ते चारच्या उन्हात टाकून टायर रोलरने दाबा, दुसऱ्या दिवशी सुटी झाडून घ्या, गरज पडली तर पुन्हा करा. क्रशरची चुरी टाकू नका. ती डांबरात मिसळून काळा चिखल होतो आणि पावसात गाड्या घसरतात. लोखंडी रोलर इथे जपून वापरा, तो गिट्टी फोडतो.

गिट्टी थोडीच सुटली असेल आणि उरलेली टिकून असेल, तर झाडून एसएस-१ या सावकाश फुटणाऱ्या इमल्शनचा पातळ फवारा, ०.५ ते १ लिटर दर चौरस मीटर, पुरतो. निम्म्याहून जास्त सुटली असेल तर हा फवारा मारून रस्ता फक्त गुळगुळीत होईल. तिथे नवीन थरच द्यावा लागतो.

मायक्रोसरफेसिंग सुटत असेल तर रस्त्यावरच्या तपासण्या अर्ध्याच उपयोगी पडतात. त्याचं यश सिमेंट, पाणी, इमल्शन आणि बारीक दगडाच्या परस्पर जुळणीवर असतं. ओल्या पट्ट्यावरची झीज चाचणी, एक तास भिजवून, झीज ५३८ ग्रॅम दर चौरस मीटरच्या आत, हा मिश्रण-आराखड्याचा अहवाल मागा, आणि तो *याच* क्रशरच्या मालावर केला आहे का ते पाहा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

तीन मीटरच्या सरळ पट्टीखाली चाकोरी १० मिमीहून खोल भरते, मगरीच्या पाठीसारख्या भेगा आहेत, किंवा कडेपासून हात-दीड हात आत लांब भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते: दोष पृष्ठभागाचा नाही, खालच्या काळ्या मातीचा किंवा निचऱ्याचा आहे. सील कोट रस्त्याला ताकद देत नाही, फक्त पाणी अडवतो आणि पकड देतो. इथे बेंकेलमन बीम (वजनाखाली रस्ता किती दबतो ते मोजणं), खड्डा खोदून थरांची तपासणी, सीबीआर (मातीच्या ताकदीची चाचणी) हे सगळं लागतं. पेव्हमेंट (रस्त्याच्या थरांची) अभियांत्रिकी जाणणारा सल्लागार गाठा.

उतारावर, चौकात किंवा शाळेसमोर डांबर वर आलं असेल तर दुरुस्तीच्या आधी बॅरिकेड लावा आणि रस्ता ज्या यंत्रणेचा आहे तिला त्याच दिवशी लेखी कळवा. शहरात शेजारशेजारचे रस्तेही महापालिका, सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग अशा वेगळ्या हातांत असतात, तेव्हा आधी मालकी विचारा.

गरम डांबर स्वतः हाताळू नका. १५० अंशांच्या डांबरात कपभर पाणी पडलं तरी ते फसफसून बाहेर उडतं आणि अंगाला चिकटून भाजत राहतं. इमल्शनचा ड्रम उघड्या आगीवर तापवणंही तसंच धोक्याचं, शिवाय मालही फुटतो.

दोष दायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) चालू असेल तर रस्त्यावर काहीही टाकण्याआधी थांबा. सोसायटीने स्वखर्चाने पसरलेली एक ट्रॉली वाळूही कंत्राटदाराला 'तुम्हीच छेडलं' म्हणायला पुरते. आधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. उपटलेल्या गिट्ट्यांचे तळ दिसतील असे. ड्रमची नोंद आणि धुळीचं वजन लिहून ठेवा.

प्रयोगशाळेत जायचंच झालं तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली निवडा किंवा व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेसारख्या संस्थेच्या वाहतूक अभियांत्रिकी विभागात विचारा. नुसता 'डांबर तपासा' असा अर्ज देऊ नका. मागायचं ते असं: साइटवरची गिट्टी *न धुता* घेऊन व्हिअलिट प्लेट चाचणी. २०० × २०० मिमीच्या पोलादी पाटीवर रस्त्यावरच्याच प्रमाणात डांबर, वर शंभर गिट्ट्या, पाटी उलटी करून ५० सेंमीवरून पोलादी गोळा तीनदा सोडायचा आणि किती गिट्ट्या पडल्या ते मोजायचं. हीच चाचणी त्याच गिट्टीवर धुतल्यानंतर पुन्हा करायला सांगा. दोन निकालांत मोठा फरक आला तर दोष धुळीचा. दोन्ही वाईट आले तर मात्र बाइंडरची, म्हणजे डांबराची किंवा इमल्शनची, पूर्ण तपासणी करा, आणि त्यासाठी नमुना रस्त्यावरून खरवडून नाही, सीलबंद ड्रममधून, दोन्ही पक्षांसमोर, तीन भागांत घ्या. पिशवीवर आणि डब्यावर तारीख, ड्रमचा बॅच क्रमांक, क्रशरचं नाव आणि रस्त्याची साखळी (सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) कायमच्या शाईने लिहा. एक भाग स्वतःकडे सीलबंद ठेवा.